बुटांशेजारचे देव

आमच्या घरातल्या देवांना मी बुटांशेजारी बसवून जवळजवळ शंभर किलोमीटर नेलं, हे लिहिताना अजूनही कान गरम होतात. अनुभव सांगणारे लोक बहुतेक वेळा आपल्या श्रद्धेपासून, उपासनेपासून सुरुवात करतात. माझ्याकडे त्या वेळी दोन्ही नव्हतं. पूजा आई करायची. मी केंद्र सरकारच्या नोकरीत, फायली आणि मेट्रो यांत दिवस घालवायचो, आणि देवघराशी माझा संबंध सणासुदीला नारळ फोडण्यापुरता होता. देव आहे की नाही यावर मी कधी वाद घातला नाही, कारण तेवढा विचारच केला नव्हता. त्या दिवसांत माझ्या डोक्यात विचार होता तो एका बॅगेचा.

आम्ही मयूर विहारला राहतो. आई, मी, बायको मेधा आणि सातवीतली मुलगी सई. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, चार महिन्यांनी डॉक्टरांनी प्रवासाला परवानगी दिली, आणि तिने एकच मागितलं, हरिद्वारला जाऊन गंगेत उतरायचं. गाडीत तिला पाय लांब करून बसता यायला हवं होतं. डिकी सीएनजीच्या टाकीने अडवलेली, त्यामुळे एरवी आमचं सामान मागच्या सीटवर आणि सगळ्यांच्या पायाशी रचलेलं असतं. यावर मी तोडगा काढला. गाझियाबादच्या एका वर्कशॉपमधून बंपरखाली लोखंडी हूक बसवून घेतला, त्यात अडकवायची जाळीची ट्रे आणली आणि ट्रेवर चार पट्ट्यांनी आवळायची काळी, जाडजूड बॅग. ऊन, पाऊस, धूळ, काहीही आत जाणार नाही अशी. नंबर झाकला जाऊ नये म्हणून बॅगेच्या मागेही एक नंबरप्लेट लावली. सोसायटीच्या पार्किंगमध्ये येणाऱ्याजाणाऱ्याला मी ती बॅग दाखवायचो. मेधा म्हणायची, "हिची पण आरती करून टाक एकदा." मला त्यात थट्टा आहे हे कळायचं, तरी आवडायचं.

आता देवांचं सांगतो. आमच्याकडे देवांना घरात ठेवून बाहेरून कुलूप लावायचं नाही. घरातलं कुणीच मागे राहणार नसेल तर देव बरोबर येतात. बाबांच्या नोकरीत बदल्या फार झाल्या, आणि प्रत्येक बदलीला आईने बाळकृष्ण, अन्नपूर्णा आणि खंडोबा-भवानीचे चांदीचे टाक लाल खणात गुंडाळून, पितळी डब्यात घालून, तो डबा मांडीवर घेऊन प्रवास केला. सईने एकदा विचारलं होतं, "आजी, टाक म्हणजे?" आईने तिला तो चांदीचा पातळ पत्रा, त्यावरचा उठावाचा देव हाताला लावून दाखवला होता. आईच्या सासूबाईंच्या सासूबाईंपासून चालत आलेलं ते. बाबा गेल्यानंतर आईजवळ स्वतःचं म्हणावं असं फारसं काही उरलं नव्हतं, हा डबा होता.

निघायच्या सकाळी सगळे गाडीत बसले आणि आईने खिडकीतून हात पुढे केला. "देव दे माझ्याकडे." मी म्हटलं, "पायावर वजन नको गं. पुढे ठेवतो." तिने हात आत घेतला. डबा डॅशबोर्डच्या खणात मावेना. मेधाच्या पायाशी पर्स, थर्मास, खाण्याची पिशवी. मला उशीर होत होता, सकाळची ट्रॅफिक डोळ्यांसमोर दिसत होती. बॅगेची चेन अजून उघडीच होती आणि एका कोपऱ्यात, बुटांच्या पिशवीशेजारी, बरोबर डब्याएवढी जागा होती. मी डबा तिथे सरकवला, चेन ओढली, पट्ट्या आवळल्या आणि स्टिअरिंगवर बसत म्हटलं, "पुढच्या खणात ठेवलेत देव. ठीक?" आई म्हणाली, "बरं." इतकं सहज खोटं मी ऑफिसातसुद्धा बोलत नाही.

खतौलीच्या अलीकडे एका ढाब्यावर आम्ही पराठे खायला थांबलो. शेजारच्या मोठ्या गाडीतल्या गृहस्थांनी बॅगेकडे बघून विचारलं, "भाईसाहब, इसमें सच में पानी नहीं जाता?" मला तेवढंच हवं होतं. मी पाण्याची भरलेली बाटली आणली आणि चारचौघांसमोर बॅगेवर उपडी केली. शिवाय तळालाही तसंच कापड आहे हे दाखवायला दोन पट्ट्या सोडून बॅग एका बाजूने उचलून धरली. आत देव आहेत, हे त्या क्षणी मला आठवतसुद्धा नव्हतं. मग मेधाने हाक मारली, मी घाईघाईने पट्ट्या पुन्हा ओवल्या, आणि त्यांतली एक तरी बकलात नीट बसवली नाही. तसं मला वाटतं. पुढे जे झालं त्याला दुसरं कारण सापडत नाही.

वीसेक किलोमीटर गेल्यावर सई मागे वळून म्हणाली, "बाबा, बॅग दिसत नाहीये." मागच्या काचेतून बॅगेचा काळा उंचवटा दिसायचा. आता नुसता रस्ता दिसत होता. मी गाडी कडेला घेतली. ट्रे जागेवर होती, तिला दोन पट्ट्या लोंबत होत्या. खरं तेच लिहायचं तर आधी मला बॅगच आठवली, इतक्या हौसेने घेतलेली. मग कपडे. मग देव. मेधा माझ्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "जाऊ दे रे, कपडेच आहेत ना! देव तरी पुढे आहेत." मी मान हलवली. म्हणजे तेच खोटं दुसऱ्यांदा बोललो.

दुभाजकातला पुढचा कट गाठून आम्ही उलटे फिरलो. त्या रस्त्यावर मी किती वर्षांनी देवाचं नाव घेतलं असेन, माहीत नाही. पण काय मागितलं ते नीट आठवतं. ‘देवा, तुम्ही सापडा’ एवढंच मागितलं असतं तरी मान वर करून सांगता आलं असतं. मी मागितलं, ‘आईला कळायच्या आत सापडू दे.’ दुभाजकापलीकडे उसाने लादलेल्या ट्रॉल्या, ट्रक, बस. एवढ्या चाकांखाली पितळेच्या डब्याचं काय होईल याचा हिशेब मन करत होतं आणि मी मोठ्याने मात्र "मिळेल, मिळेल" म्हणत होतो. आरशात मला मागे बसलेल्या आईची फक्त कपाळाची रेघ दिसत होती.

मग सई ओरडली, "बाबा, देखो!" पलीकडच्या कडेला, शेताच्या बांधापाशी, एक म्हातारी बाई बसली होती आणि तिच्याशेजारी आमची काळी बॅग होती. पुढच्या कटवरून वळून आलो. गाडी थांबवून मी धावत गेलो. बाईच्या बाजूला विळा आणि कापलेल्या चाऱ्याचा भारा होता. तिचं डोकं उघडं होतं, पांढरे केस वाऱ्यावर उडत होते, कारण डोक्यावरची ओढणी तिने जमिनीवर अंथरली होती. त्या ओढणीवर आमचा खण, आणि खणावर चारही देव, तोंड पूर्वेला करून मांडलेले. डब्याला एक पोचा आला होता. देवांना ओरखडा नव्हता.

"मैं तो समझी कोई बालक गिर गया," ती म्हणाली. एक ट्रक बॅगेला चुकवून गेला, मग हिने ती ओढत कडेला आणली, कुणाचा फोन नंबर सापडतो का बघायला उघडली तर आत देव निघाले. एरवी ती शेताच्या दुसऱ्या टोकाला चारा कापते, पण त्या दिवशी तिथे पाणी सोडलेलं होतं म्हणून रस्त्याकडे आली होती. याला काय म्हणायचं ते मी ठरवत नाही. झालं ते असं झालं.

एव्हाना मेधाच्या खांद्याचा आधार घेत आईही खाली उतरली होती. बाईने तिच्याकडे बघून हात जोडले आणि मग माझ्याकडे वळून अगदी मायेने म्हणाली, "जूते मैंने परली तरफ धर दिए, बेटा. जल्दी में साथ रख दिए होंगे तूने."

शेताला पाणी नेणाऱ्या पाटाच्या पलीकडे आमचे चौघांचे बूट ओळीने ठेवलेले होते.

तिने मला सांभाळून घेतलं होतं. माझ्या वतीने कारणही तिनेच दिलं होतं. आणि आईने ते सगळं ऐकलं होतं. माझं मागणं देवांनी अर्धंच ऐकलं, आणि उरलेलं अर्धं का ऐकलं नाही ते मला आज कळतं. मेधा माझ्याकडे बघत होती, मग तिने नजर काढून घेतली, आपली स्टोल सोडली आणि बाईच्या डोक्यावर घातली. आई म्हणाली, "माझा गुडघा वाकत नाही. तू वाक." मी वाकलो. बाई "ना, ना" करत पाय मागे घेत होती, तिच्या टाचांच्या भेगांत ओली माती होती, आणि मला तिथून उठवेना. रडलो, हे लिहायला आता लाज वाटत नाही. बाकीच्याची वाटते.

आम्ही काही देऊ केलं तर तिने घेतलं नाही. ओढणी झटकून खांद्यावर टाकली, मेधाची स्टोल राहू दिली, आणि भारा डोक्यावर चढवायला मला हात लावायला सांगितला. तेवढं एक काम तिने माझ्याकडून करून घेतलं.

हरिद्वारला पोचेपर्यंत डबा आईच्या मांडीवर होता. धर्मशाळेत मेधा आणि सई हातपाय धुवायला गेल्या तेव्हा मी आईजवळ बसलो. "आई, मी खोटं बोललो." ती म्हणाली, "माहीत होतं रे. त्या खणात हा डबा मावत नाही, मला नाही कळणार?" मी विचारलं, "मग बोलली का नाहीस?" तिने खणाची घडी नीट केली. "बोलले असते तर काढून दिला असतास तू, पण तोंड वाकडं करून. हल्ली मी प्रत्येक गोष्टीला मध्ये बोलत नाही. तुमची धावपळ असते. म्हटलं, देव सांभाळतील आपलं आपण." जराही राग नव्हता तिच्या आवाजात. राग असता तर बरं झालं असतं.

देवांची क्षमा मी तिथेच मागितली आणि ती मिळाली असेल असं मानतो. पण माझ्याच घरात माझी आई कधीपासून जपून बोलायला लागली, हे मला कळलंही नव्हतं. बॅगेचा फाटलेला कोपरा पुढे शिवून घेतला, ती आजही वापरतो. हे दुसरं शिवायला वेळ लागतोय. त्या चारा कापणाऱ्या बाईचे, आणि ज्याने कुणी तिला त्या दिवशी रस्त्याकडे वळवलं त्याचे उपकार मी रोज आठवतो, कारण ती ते वाक्य बोलली नसती तर मी बॅग उचलून, देव डब्यात भरून, तसाच पुढे गेलो असतो.

त्याच दुपारी घाटावर गेलो. गुडघ्यासाठी दोनच पायऱ्या उतरवायच्या, लोटीने पाणी अंगावर घालायचं आणि परत आणायचं, असं मी दिल्लीतच ठरवून आलो होतो. एका हाताने घाटावर बांधलेली साखळी आणि एका हाताने माझं मनगट धरून आई पहिल्या पायरीवर उभी राहिली. मी विचारलं, "आई, किती उतरायचं?" तिने माझ्याकडे पाहिलं. मी खरंच विचारतोय का, हे ती बघत होती. मी थांबलो. मागे लोक खोळंबले होते तरी थांबलो. ती दोन पायऱ्या उतरली, पाणी पिंढऱ्यांना लागलं, थंडीने तिने डोळे मिटले.

"आणखी एक," आई म्हणाली. आणि मी तिच्याबरोबर आणखी एक पायरी उतरलो.