दारावरची थाप

काबूलच्या झरीनाला मी व्हिडिओ कॉलवर धंदा शिकवते. ती घरातच गुपचूप बायकांचे कपडे शिवते. परवा तिला म्हटलं, "दारावर पाटी लाव, गिऱ्हाईक वाढेल."

"आपा, गिऱ्हाइकाआधी बंदूकवाले येतील," ती हसली.

तेवढ्यात तिचं दार वाजलं. तिनं शिलाई मशीनवर चादर टाकली आणि फोन पालथा घातला. सांगलीतल्या माझ्या मसाल्याच्या दुकानात मी काळ्या पडद्याकडे बघत बसले. माझ्या दारात कोणी आलं, की मी लगेच 'या, या' म्हणते. तिला आधी पाऊल ओळखावं लागतं. हे कुठल्या धड्यात बसवू?

मग फोन उचलला गेला. "शेजारीण आहे, नवं गिऱ्हाईक घेऊन आलीय. ठेवते, आपा, मापं घ्यायचीत."

तिनं मशीनवरची चादर ओढून काढली. मग टेप उचलली.