वरच्या तीन रांगा

छावणीच्या मैदानावर मॅच असली की आमच्या फुटबॉल क्लबचे ऑपरेशन्स हेड, म्हणजे मैदानाची सगळी व्यवस्था बघणारे, दुपारीच यायचे. बूट-मोजे काढायचे आणि लाकडी गॅलरीच्या एकेका फळीवरून अनवाणी चालायचे. "डोळ्याला दिसत नाय ते तळपायाला कळतं," म्हणायचे. मी माइकवर घोषणा करायला असायचो.

मॅच त्यांनी कधी बघितलीच नाही. मैदानाकडं पाठ, नजर गॅलरीवर. गोल झाला, लोक नाचायला लागले की विचारायचे, "कुणी पडलं नाय ना?"

फायनलला गॅलरी गच्च भरली होती. शिट्टी वाजणार, तेवढ्यात त्यांनी माझ्या हातातून माइक घेतला.

"वरच्या तीन रांगा खाली उतरा. कडंला मैदानात बसा."

क्लबचे मालक तणतणत आले. "दुपारी तपासलं होतं ना तुम्ही?"

"व्हय साहेब. तवा गॅलरी रिकामी होती."

लोक शिव्या देत उतरले. आम्ही जिंकलो. काहीच पडलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकांनी त्यांना घरी बसवलं.

त्या संध्याकाळी मी चपला काढून वर चढलो. वरच्या रांगेतली फळी पायाखाली हलली. मालकांना सांगितलं, तर म्हणाले, "तू माइक सांभाळ."

रविवारी मॅच आहे. माइक माझ्याच हातात असणार आहे.