नूराचे मोठे झगे

नातीच्या युनिफॉर्मवर मार्करने नाव घालताना शाईचा वास आला आणि सौदीतल्या हाइल शहरातलं ते निवासी केंद्र आठवलं. मतिमंद मुलींना मी तिथे सांभाळायचे.

नऊ वर्षांच्या नूराला तिची आई सोडायला आली होती. बॅगेतल्या प्रत्येक झग्यावर मुलीचं नाव असंच लिहिलेलं, पण निम्मे झगे जमिनीवर लोळतील एवढे मोठे. "माप चुकलं तुमचं, हे परत न्या," मी मोडक्या अरबीत म्हणाले.

"राहू दे. वाढेल ती," आई खाली बघत म्हणाली. नूराने तिची अबाया घट्ट धरली होती. एकेक बोट मीच सोडवलं.

किती वेंधळी बाई, असं तेव्हा वाटलं. त्यानंतर ती एकदाही फिरकली नाही. आठ वर्षांनी त्यातला सगळ्यात मोठा झगा मी नूराला घातला. अगदी मापात बसला.