सुपारीची नोंद

मेंदूचे संकेत टिपणारा कपाळपट्टा बनवणाऱ्या वाघोलीच्या एका कंपनीत मी नोकरी करते, आणि त्या पट्ट्याचा मला मनापासून राग येतो. माणूस चालला, जिना चढला, नुसतं काही चावलं, तरी पट्ट्याच्या ग्राफवरच्या रेषा पिसाळतात. हा हालचालींचा कचरा गाळणारा प्रोग्राम मीच लिहिलाय. साहेबांचा एकच धोशा: "ग्राफ क्लीन दिसला पाहिजे. क्लायंटला घाण दाखवायची नाही." मी दाखवण्याजोगा करून दिला. वर शाबासकीही घेतली, निर्लज्जासारखी.

बाबा बोलता बोलता मध्येच गप्प व्हायचे, नजर हरवायची. डॉक्टरांना फिटची शंका होती. निदान होईपर्यंत स्कूटर बंद, असं त्यांनी बजावलं. रोज स्वतः मंडईत जाऊन वांगी निवडणाऱ्या माणसाची किल्ली मी काढून घेतली. घरात धुसफूस सुरू झाली. मग शहाणपणा करून ऑफिसातला पट्टा तीन दिवस त्यांच्या डोक्याला बांधला. सोबत एक वही असते. घरच्यांनी प्रत्येक हालचाल वेळ टाकून लिहायची, म्हणजे प्रोग्राम तेवढा भाग कापतो. वही आईकडे दिली.

आईचं आणि सुपारीचं जुनं वैर. दातांच्या डॉक्टरांनी बंद केल्यापासून बाबा चोरून खातात, अशी तिची खात्रीच होती. त्यांचा जबडा हलला की ती वहीत ठसठशीत लिहायची, "सुपारी".

"अहो, डोक्याला यंत्र लावलंय, निदान आता तरी!"

"मी खाल्लेली नाही," बाबा थोड्या वेळाने म्हणायचे.

"बरं," असं म्हणून मी आईकडे बघायचे आणि आम्ही दोघी हसायचो.

रिपोर्ट स्वच्छ आला. डॉक्टरांना दाखवायचीही मला गरज वाटली नाही. किल्ली परत दिली.

आठवड्याभरात बाबा स्कूटरसकट रस्त्यात कोसळले. मांडीचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी न गाळलेलं रेकॉर्डिंग उघडलं. प्रत्येक "सुपारी"च्या जागी, जबडा हलण्याआधीच, मेंदूत लाट उठलेली होती. फिट आली की काहींचा जबडा चघळल्यासारखा आपोआप हलतो. बाबांचा तसाच हलत होता. आईने ते लिहिलं आणि मी कापलं.

साहेब म्हणाले, "वन केस आहे, इतकं पर्सनली नको घेऊस." त्यांचं थोबाड मला बघवेना. स्वतःचंही बघवत नव्हतं.

संध्याकाळी हॉस्पिटलात दोघांना सगळं सांगितलं. आई खिडकीबाहेर बघत राहिली. बाबा आपल्या बांधलेल्या पायाकडे बघत होते.

"मी सांगत होतो," ते म्हणाले. "यंत्र राहू दे. दोघींपैकी एकीने तरी माझं तोंड उघडून बघायचं होतं."