इंदूरहून येणारी काळी पाच

नणंद-भावजयीचं पटत नाही, असं म्हणायची आपल्याकडे पद्धत आहे. आमचं पटायचं, आणि तेही चारचौघांत, माइकसमोर. त्यामुळे लोक गाण्यापेक्षा आमच्या नात्याचंच कौतुक जास्त करायचे. "सख्ख्या बहिणी का?" असं कोणी विचारलं की नणंद म्हणायची, "छे, ही माझ्या भावाची बायको," आणि विचारणारीचा चेहरा बघून आम्ही दोघी हसायचो.

ही गोष्ट अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. गिरगावातली खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला वन रूम किचनमध्ये राहायला आलो होतो. नवरा, मी आणि त्याची धाकटी बहीण. ती शब्द लिहायची, मी चाल लावायचे. गाताना वरचा आवाज तिचा, खालचा माझा, आणि पेटी माझ्याकडे. सत्यनारायण, हळदीकुंकू, सोसायट्यांचे गणपती, जिथे बोलावतील तिथे जायचो. बोलावणारे बहुतेक आमच्यासारखेच मुंबईतून उठून आलेले. त्यांनाही शेजारी नवे होते, आणि आपल्या भाषेतलं काहीतरी हवं होतं.

आमचा सूर काळी पाच. म्हणजे पेटीवरची पाचवी काळी पट्टी धरून गायचं. हा हट्ट माझा. एकदा मीरा रोडला गणपतीत तिचा घसा बसला होता. तिने कानाशी येऊन विचारलं, "वहिनी, आज काळी चार घेऊया?" म्हणजे दोन पट्ट्या खाली. मी म्हटलं, "खाली घेतलं की भजनी मंडळ वाटतं." ती गायली. चांगली गायली. मग मला वाटलं, बघ, माझंच बरोबर होतं. पेटी माझ्यापुढे असल्यामुळे असं वाटायची सवयच मला लागली होती.

दोन वर्षांनी तिचं लग्न होऊन ती इंदूरला गेली. गाणं संपलं असं सगळ्यांनी गृहीत धरलं. सासूबाई गावाहून आल्या होत्या, त्या तर म्हणाल्या, "झालं, आता पेटी माळ्यावर ठेव." मला त्यांचा राग आला आणि त्या रागातच मी तिला पहिली कॅसेट पाठवली. नवी चाल गुणगुणून भरली, कापडात शिवली, पोस्टात टाकली. पंधरा दिवसांनी तिचे शब्द त्याच चालीत बसून परत आले.

पुढची पाच-सहा वर्षं आमची पद्धत ठरून गेली होती. ती इंदूरला तिचा आवाज भरून पाठवायची. मी ती कॅसेट एका टेपवर लावायचे, तिच्याबरोबर माझा आवाज आणि पेटी धरायचे, आणि दुसऱ्या टेपवर दोघींचं मिळून गाणं भरून घ्यायचे. नवरा समोर बसून मशीन सांभाळायचा. पंखा बंद, गॅस बंद, कुकरची शिटी नको. एक प्रत इंदूरला जायची, एक इथे राहायची आणि शेजारपाजारी फिरून गुळगुळीत होऊन परत यायची.

अडचण एकच होती. तिचा टेप आणि माझा टेप एका वेगाने फिरायचे नाहीत. तिची काळी पाच माझ्याकडे भलत्याच सुरात उतरायची, मग पेटी जुळणार कशी? नया नगरच्या एका रिपेअरवाल्याकडे मी टेप घेऊन गेले. त्याने मागचं झाकण उघडून मोटरच्या भोकातला एवढासा स्क्रू दाखवला. "भाभी, इधर से स्पीड कम-जादा होता है. बस, जोर से मत घुमाना." मी बारीक स्क्रूड्रायव्हर विकत आणला. मग आम्ही ठरवलं, की गाण्याआधी तिने तिच्या पेटीवर काळी पाच दाबून धरायची आणि तोंडाने म्हणायचं, "काळी पाच." मी माझ्या पेटीवर तीच पट्टी दाबायची आणि दोन्ही सूर एक होईपर्यंत स्क्रू फिरवायचा. हे मला इतकं जमलं की शेजारच्या बायका मला इंजिनिअर म्हणायला लागल्या. मीही ते मनावर घेतलं.

ब्याण्णव-त्र्याण्णवनंतर स्क्रू जरा जास्त फिरवावा लागायला लागला. प्रत्येक वेळी. मी तिला पत्रात लिहिलं, "तुझा टेप म्हातारा झालाय, नवीन घे." तिने उत्तरात त्याबद्दल काहीच लिहिलं नाही. वेग वाढवला की लयही चढायची. मला वाटलं, तिने लय वाढवलीय, आणि मला ती आवडली. आवाज जरा बारीक, कोवळा यायचा. तोही आवडला. कॅसेटच्या शेवटी तिची मुलगी "मामी, मामी" करायची, ती चिमणीसारखी चिवचिवायची. लहान आहे, म्हणून चिवचिवते, अशी मी समजूत करून घेतली. एसटीडीवर बोलणं व्हायचं तेव्हा नणंदेचा आवाज घोगरा असायचा. ती म्हणायची, "सर्दी झालीय गं." इंदूरची हवा तिला मानवत नाही, असं मी चार जणींना सांगितलं.

सत्त्याण्णवच्या संक्रांतीला बेव्हर्ली पार्कमधल्या एका सोसायटीच्या हळदीकुंकवाला आम्हाला दोघींना मिळून गायला बोलावलं. कॅसेट तिथवर पोचली होती. आमच्या इमारतीची जमीन ज्यांची होती त्या घरातल्या आजीही येणार होत्या. त्यांची मिठागरं होती एके काळी. माझी पेटी वाजली की त्या जिन्यात बसून ऐकायच्या. मी नणंदेला फोन केला. ती आधी म्हणाली जमणार नाही. मग म्हणाली मुलीची परीक्षा आहे. जानेवारीत कसली परीक्षा? मी चिडले. "सात वर्षं मी पोस्टातल्या बाईबरोबर गातेय, एकदा समोर येऊन गा की," असं बोलले. ती म्हणाली, "येते."

ती कार्यक्रमाच्या दिवशीच सकाळी आली. गळाबंद ब्लाउज घातला होता. मुलगी "मामी" म्हणाली तर आवाज चांगला जाड होता. मी म्हटलं, मोठी झाली. तालीम करूया म्हटलं तर नणंद म्हणाली, "प्रवासाने दमलेय, थेट तिथेच गाऊ. कॅसेटवर झालंच आहे ना."

संध्याकाळी पाचला हॉल भरला होता. हलव्याचे दागिने घातलेल्या दोन नव्या सुना पुढे बसवल्या होत्या. मी भाता हलवला आणि काळी पाच धरली. ती माझ्या कानाशी आली.

"वहिनी, काळी चार घे."

"काय झालं? कॅसेटवर तर छान लागतोय."

"घे ना. ऐक माझं."

मी ऐकलं नाही. मला इतकंच सांगता येईल की मी बोटं उचलली नाहीत. तिने सुरुवात केली. खालच्या सुरांत ठीक गेलं. अंतऱ्याला आवाज वर न्यायचा होता तिथे तिचं तोंड उघडलं आणि आत काही नव्हतं. फुटला, चिरकला, असंही काही नाही. आवाज आलाच नाही. मी तिची ओळ घेतली. ती माझ्याकडे बघत होती. एक गाणं झालं की पट्टी बदलता येते. त्याला काही लागत नाही, हात दोन पट्ट्या सरकवायचा एवढंच. मी नाही सरकवला. मधेच सूर उतरवला तर लोकांना कळेल, असं डोक्यात होतं. पुढची चार गाणी मी एकटीच गायले आणि ती ओठ हलवत राहिली. तिने ते इतकं नीट केलं, की लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मला लाज वाटली नाही. कीवही आली नाही. दात काढताना इंजेक्शन दिल्यावर गाल असतो तसं सगळं झालं होतं. हळदीकुंकू घेतलं, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला, गोड गोड बोलले. दाराशी त्या आजी भेटल्या. त्यांनी माझा हात धरला. "बाय, तू एकलीच गात होतीस ना? तिचा आवाज मना ऐकूच न्हाय आला." मी म्हटलं, "माइक खराब होता, आजी."

घरी आल्यावर तिने ब्लाउजचं वरचं बटण काढलं. गळ्यावर आडवा वण होता. ऑपरेशन होऊन चार वर्षं झाली होती. गाठ होती, निघाली, बाकी सगळं ठीक. वरचे सूर मात्र गेले.

"मग कॅसेटवर कसं लागत होतं?" मी विचारलं.

"मी काळी चार दाबायचे आणि काळी पाच म्हणायचे. तू स्क्रू फिरवणार हे मला माहीत होतं." ती शांतपणे सांगत होती. "मग तुझी प्रत यायची. त्यात मी काळी पाचमध्येच गात असायचे. ऐकताना वाटायचं, अजून लागतोय की."

"मला सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तू गाणं बंद केलं असतंस. खाली घ्यायला तुला आवडत नाही."

मी नवऱ्याकडे बघितलं. तो पाण्याचा तांब्या घेऊन उभा होता. ऑपरेशनचं त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. "तिने शपथ घातली होती," एवढंच तो म्हणाला. त्याच्यावर ओरडायला हवं होतं. मी ताटं घेतली. तिच्या मुलीला भात आवडतो की पोळी, ते विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी होती. सकाळी मी डब्यासाठी गूळपोळ्या लाटत होते. ती ओट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "वहिनी, जायच्या आधी एक गाऊया? काळी चारमध्ये. कोणी नाहीये ऐकायला." पेटी पलंगाखालीच होती, हात घातला की बाहेर आली असती. मी घड्याळाकडे बघितलं. वेळ होता. मी म्हटलं, "पुढच्या वेळी. आता पोळ्या करपतील."

त्यानंतर कॅसेट आली नाही. मीही पाठवली नाही. लोकांनी विचारलं तर सांगायचे, तिला संसारातून सवड होत नाही. ते लोकांना लगेच पटायचं.

दीड वर्षाने ती नात्यातल्या एका मुंजीला आली, आमच्याकडे चार दिवस राहिली. पापड लाटले, अख्खी दुपार एका खोलीत दोघीच होतो. मी वाट बघत होते, की ती पुन्हा विचारेल आणि या वेळी मी हो म्हणेन. ती मुलीच्या शाळेबद्दल बोलली, इंदूरच्या पाण्याबद्दल बोलली. ती विचारणार नाही, हे मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. आता विचारायची पाळी माझी होती, हेही कळलं होतं. चौथ्या दिवशी मी तिला रिक्षात बसवून दिलं.