माझ्या तळहातांवर अख्खं भजन मंडळ

आजार एकाला झाला तरी त्यावर बोलायला अख्खं गाव लागतं, निदान आमच्याकडे तरी. माझ्या तळहातांना सोरायसिस झाला आणि त्या सहा महिन्यांत एवढे किस्से जमले की भजनाच्या मध्यंतरात चहाबरोबर आम्हाला दुसरं काही लागत नाही. आता हात बरे आहेत म्हणून मीही हसतो. तेव्हा मात्र रडकुंडीला आलो होतो, हे आधीच सांगून टाकतो.

मी नांदगावजवळच्या एका वाडीतला, शाळेत क्लार्क. पण गावात मला ओळखतात ते मंडळाचा पखवाजवाला बाबल्या म्हणून. पेटीवर गातात ते चंदूबुवा, टाळ कुटतो सुरेश आणि मागे कोरसला पाचजण. गणेशचतुर्थीला आम्ही घरोघर भजन करतो. वीस वर्षांत माझा पखवाज एकदाही चुकला नव्हता. आणि शिमग्याच्या सुमारास दोन्ही तळहातांवर लाल चट्टे उठले, खपल्या सुटू लागल्या, भेगांतून रक्त यायला लागलं. पखवाजावर थाप मारली की डोळ्यांत पाणी!

*

पहिलं निदान सुरेशने केलं. "काजूचा त्याल लागला तुका. खोबरेल लाव, आठ दिवसांत हात गुळगुळीत!"

काजूच्या सालीतल्या तेलाने कातडी सोलून निघते, म्हणून आमच्याकडे हंगामात हाताला काहीही झालं की ते काजूचंच, त्यामुळे मीही मान डोलावली. पंधरा दिवस खोबरेल चोळलं. हात गुळगुळीत झाले नाहीत, पण शाळेच्या हजेरीपत्रकावर माझ्या बोटांचे ठसे कायमचे उमटले.

सुरेश म्हणाला, "मगे काजूचा नसात. फणसाचा आसतला."

*

तालुक्याच्या गावी एक वैद्य दर महिन्याला लॉजवर यायचा. पत्रकात छापलेलं, 'सोरायसिस मुळापासून नष्ट!' त्याने नाडी पाहिली, डोळे मिटले आणि नाव नसलेल्या पुड्या दिल्या. पथ्य एकच, मासे बंद.

मालवणी माणसाला मासे बंद! तरी पाळलं. आणि काय सांगू, दहा दिवसांत हात लख्ख! मंडळात माझा सत्कार व्हायचा बाकी राहिला होता. पुड्या संपल्या, पुढच्या महिन्यात वैद्य आलाच नाही आणि जे होतं त्याच्या दुप्पट उसळून आलं. पायाच्या तळव्यांनाही.

मी लॉजवर चौकशीला गेलो, तर मॅनेजर थंडपणे म्हणाला, "ते गेले मुंबईक. तेंका स्वताक कसलीशी पुरळ उठली हा, दाखवूक गेले."

*

मग मात्र घाबरलो. चतुर्थी चार महिन्यांवर आली होती. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. कोल्हापूरला एक चकाचक क्लिनिक होतं, पूर्ण बरं करण्याची हमी देणारं. आणि मालवणला एक त्वचेच्या डॉक्टरीण बाई होत्या, ज्यांची जाहिरात कुठेच नव्हती. मंडळात दोन तट पडले. शेवटी बुवा म्हणाले, "देवाक कौल लावया."

आमच्या देवळात दाजी गुरव कौल लावतात. मूर्तीच्या अंगावर दोन बाजूंना ओल्या पाकळ्या लावायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर एक उत्तर, डावी पडली तर दुसरं. दाजी साठीचे, मितभाषी. त्यांच्या डोक्यावरची पांढरी टोपी मी जन्मात उतरलेली पाहिलेली नाही. तळीवर आंघोळीला गेले तरी टोपी! सुरेश म्हणतो, दाजी जन्मले तेव्हा आधी टोपी आली, मग दाजी.

तर उजवीकडे मालवण, डावीकडे कोल्हापूर. दाजींनी गाऱ्हाणं घातलं. आम्ही डोळे लावून बसलो. अर्धा तास झाला. एकही पाकळी हलेना! बुवा पेंगायला लागले. दाजी मात्र आमच्या कुणाहीपेक्षा जास्त एकटक बघत होते, जणू प्रश्न त्यांचाच होता.

शेवटी त्यांनी पाकळ्या काढल्या आणि म्हणाले, "देव म्हणता, ह्या खाता माजा न्हय."

*

देवाने खातं नाकारल्यावर ते माझ्या बायकोकडे आलं. सुनंदा म्हणाली, "आदी मालवणाक जावया. जवळ आसा."

बुवा आणि सुरेशही बरोबर आले. डॉक्टरीणबाईंनी हात पाहिले, पाय पाहिले, कोपर पाहिले, त्या पुड्यांचा रिकामा कागदसुद्धा हुंगून पाहिला. "यात स्टेरॉईड असणार. म्हणून झटकन गेलं आणि झटकन आलं," त्या म्हणाल्या. मग शांतपणे समजावलं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. आधी मलम, त्याबरोबर हातापायांना मशीनचा प्रकाश आठवड्यातून दोनदा. त्यानेही भागलं नाही तर गोळ्या, पण त्या रक्त तपासून.

मी विचारलं, "मुळापासून जाईल ना?"

"नाही. ताब्यात राहील. अधूनमधून डोकं वर काढेल, तेव्हा यायचं."

"चतुर्थीला पखवाज वाजवायला मिळेल?"

"भेगा भरेपर्यंत पखवाजाला हात लावायचा नाही. चतुर्थीचं प्रयत्न करू. वचन देत नाही."

माझं तोंड उतरलं. बाहेर आल्यावर सुनंदा म्हणाली, "हीच डॉक्टर! हमी देणारे बघून झाले. खोटा बोलाक नाय अशी ही पयलीच."

सुरेशचं मात्र एक काम राहिलं होतं. तो दारातून परत आत गेला. "मॅडम, मासे खाल्ले तर चालतील?"

"खाऊ द्या की. दारू मात्र बंद."

सुरेश बाहेर आला आणि गंभीरपणे म्हणाला, "डॉक्टर अर्धी बरी आसा."

*

माझ्या गैरहजेरीत पखवाज कोण वाजवणार? बुवांच्या मोबाईलमध्ये तालाचं अॅप घेतलं आणि मोबाईल स्पीकरला जोडला. एका सत्यनारायणाच्या पूजेला पहिला प्रयोग. मी कोरसात बसलो, हात मांडीखाली दाबून. सगळं झकास चाललं होतं. गजर रंगात आला, बुवांनी डोळे मिटले, आणि ताल एकाएकी थांबला. रिंग वाजली. बुवांनी घाईघाईत काहीतरी दाबलं आणि स्पीकरमधून त्यांच्या बायकोचा आवाज मांडवभर घुमला, "अवो, येतान कोथमीर हाडा!"

कोरसवाल्यांनी सवयीने ओळ उचलली!

*

हा पुढचा किस्सा हसण्यातला नाही, पण तो गाळून पुढे जाता येत नाही. शेजारच्या वाडीत भजनाला गेलो होतो. चहा आला. सगळ्यांना काचेचे कप आणि मला एकट्याला कागदी. यजमानीणबाई काही वाईट बोलल्या नाहीत, त्यांनी हसूनच दिला. पण तो कप हातात धरवेना. मला वाटलं, उठावं, घरी जावं आणि पुन्हा कुणाच्या पडवीत बसू नये. फार लागलं ते मला.

बुवांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा कपाकडे. मग माझा कप घेतला, अर्धा चहा प्यायले आणि परत माझ्या हातात दिला. मोठ्याने म्हणाले, "वैनी, ह्या कागदी कपातलो चाय लय गोड आसा गो. आमका सगळ्यांकच दी!"

सातही जणांनी काचेचे कप खाली ठेवले. बाईंचा चेहरा लालबुंद झाला. त्या आत गेल्या त्या बराच वेळ बाहेर आल्याच नाहीत. मग आल्या त्या ट्रे घेऊन, आठ काचेचे कप, आणि पहिला कप माझ्यासमोर धरला. मी तो प्यायलो. रिकामा कप बाकीच्या कपांतच ठेवला.

*

क्लिनिकमधल्या प्रकाशाच्या मशीनची एक पेटी असते. डोळ्यांवर काळा चष्मा लावून त्यात हात ठेवायचे. समोर तशीच दुसरी पेटी पायांसाठी. तिथे मालवणच्या बाजारात मासे विकणारी एक म्हातारी पाय घालून बसायची, तिच्या तळव्यांना हेच झालेलं.

एकदा माझी बोटं नकळत पेटीच्या तळावर चालायला लागली. धा धिं ता... नर्स ओरडली, "काका, हात हलवू नका!"

म्हातारी चष्म्याआडून म्हणाली, "वाजवूक दी गो तेका! माजे पाय अडकलेले आसत म्हणान, नायतर मी नाचलंय आसतंय!"

आणि ऑगस्टमध्ये एके दिवशी डॉक्टरीणबाईंनी माझे हात उजेडात उलटेसुलटे करून पाहिले. भेगा बुजल्या होत्या. चट्टे फिकट गुलाबी उरले होते. त्या म्हणाल्या, "एका दिवसात दोन घरं. जास्त नको." मी मान हलवली आणि एसटी स्टँडवर येऊन एका खांबाआड उभा राहून पोटभर रडलो. इतकं हलकं मला कित्येक महिन्यांत वाटलं नव्हतं.

चतुर्थीला दिवसाला दोन घरं वाजवली. खरं सांगायचं तर तीन. तिसरं त्या काचेच्या कपवाल्या वहिनींचं होतं, नाही कसं म्हणणार?

*

चतुर्थीनंतरच्या सोमवारी मी तपासणीसाठी मालवणला निघालो. स्टॉपवर माझ्याआधी दाजी गुरव उभे. काखेत पिशवी, डोक्यावर टोपी.

"दाजी, खंय?"

"मालवणाक. मासळी बघूक."

सोमवारी! जो माणूस सोमवारी कांदासुद्धा खात नाही तो! गाडीत ते माझ्या शेजारी बसले. कसालपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले. तिथे गाडी बरीच रिकामी झाली. त्यांनी मागे पाहिलं, पुढे पाहिलं, आणि टोपी काढली.

कपाळाच्या वरपासून मानेपर्यंत सगळं डोकं जाड पांढऱ्या खपल्यांनी भरलेलं. कानामागे रक्त साकळलेलं. किती वर्षांचं होतं, देव जाणे.

"बाबल्या," ते हळूच म्हणाले, "तुज्या हातांचो पखवाज लोकांनी आयकलो. ह्या कळला तर माज्या हातचा तीर्थ घेतीत मा रे?"

मी माझे दोन्ही तळहात त्यांच्यासमोर पसरले. "घेतीत. पयलो हात माजो."

त्यांनी डोळे पुसले, टोपी पुन्हा नीट बसवली. माझ्याने राहवेना.

"पण दाजी, एवढ्या मोठ्या कामाक निघालात. देवाक विचारलात?"

"विचारलंय तर!" दाजी म्हणाले. "देव म्हणालो, बाबल्याक विचार."