सभेत दिलेलं उत्तर

“पेशंटला खरं सांगावं की नाही?” भुईगावच्या चर्चच्या हॉलमध्ये एका निवृत्त मास्तरांनी उभं राहून मला विचारलं. “म्हणजे तो यातून उठणार नाही, हे आपल्याला ठाऊक असेल तर?”

मी उत्तर दिलं. चांगलं दिलं. “तो विचारत असेल तर सांगावं. आयुष्य त्याचं आहे. त्याला काही कामं उरकायची असतील, कोणाला भेटायचं असेल. आपण लपवलं तर ती संधी आपण काढून घेतो.”

माना डोलल्या. मास्तर समाधानाने खाली बसले. तिसऱ्या रांगेत पंख्याखाली अर्नाळ्याच्या वत्सलाबाई बसल्या होत्या. त्यांनी मान डोलावली नाही. त्या नुसत्या माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या पोटात कॅन्सर होता, तो बरा होणार नव्हता, आणि हे त्यांना सोडून त्यांच्या मुलाला आणि आम्हा हॉस्पिटलातल्या सगळ्यांना माहीत होतं.

मी वसईतल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलात नर्स होते. आता रिटायर झाले. दोन हजार सालानंतरची ही गोष्ट. आमच्याकडे तेव्हा होम केअर नुकतं सुरू झालं होतं. ज्यांचा आजार बरा होणार नाही अशा पेशंटच्या घरी जायचं, दुखणं, उलट्या, दम, जखमा यांचं बघायचं, घरच्यांना शिकवायचं. याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. तो शब्द कोणाला सांगता यायचा नाही, म्हणून लोक आम्हाला ‘घरी येणाऱ्या सिस्टर’ म्हणायचे.

घरोघरी फिरताना एक गोष्ट लक्षात आली होती. पेशंट आतल्या खोलीत, घरचे ओटीवर, आणि मरणाबद्दल कोणीच कोणाशी बोलत नाही. म्हणून आम्ही महिन्यातून एकदा, शनिवारी दुपारी, गप्पांची सभा सुरू केली. कोणीही यावं, मरणाबद्दल मनात असेल ते बोलावं. पहिल्या नोटिशीवर मी ‘मृत्यूविषयी मोकळ्या गप्पा’ असं लिहिलं. तिघं आले. फादर म्हणाले, “सिस्टर, तो शब्द खाली बारीक अक्षरांत घाला.” पुढच्या वेळी अठरा आले. हिंदू, ख्रिस्ती, वाडीवाले, कोळी, फ्लॅटमधले. लोक बोलायचे, रडायचे, कधी हसायचेही. मला या सभेचा अभिमान होता. तो जरा जास्तच होता, हे आता कळतं.

वत्सलाबाई विधवा. मासळी विकून दोन पोरं वाढवलेली. वय साठीच्या आत. पोटात पाणी भरायचं म्हणून आल्या. तपासण्यांत ओव्हरीचा कॅन्सर निघाला, पोटभर पसरलेला. रिपोर्ट घ्यायला मुलगा आला, नितीन. इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये फिटर. त्याने रिपोर्ट घडी करून खिशात घातला आणि मला म्हणाला, “सिस्टर, आईला कळता कामा नये. बाबा बोटीवर गेले ते परत आले नाहीत, तेव्हा ती सहा महिने तोंडातून शब्द काढत नव्हती. हे कळलं तर ती उद्याच जाईल.”

त्याने तसं लिहूनही दिलं. वत्सलाबाईंना आतड्याला सूज आहे असं सांगितलं गेलं. घरचे आणि दवाखान्यातले मिळून पेशंटपासून खरं लपवतात, त्याला आमच्या ट्रेनिंगमध्ये कोल्यूजन म्हणत. म्हणजे संगनमत. परीक्षेत मी त्यावर दोन पानं लिहिली होती.

मी आमच्या डॉ. सामंतांकडे गेले. “सर, मला हे पटत नाही.”

“मलाही पटत नाही,” ते म्हणाले. “पण मुलगा घाबरलाय. आपण जबरदस्तीने सांगायला जाऊ नये.”

“आणि तिने विचारलं तर?”

“विचारलं तर खोटं बोलायचं नाही. तिला किती ऐकायचंय ते बघून तेवढं सांगायचं. मुलाला मी बघून घेईन.”

हे वाक्य मला आजही शब्द न् शब्द आठवतं. मला परवानगी होती. म्हणून पुढचं डॉक्टरांवर ढकलता येत नाही.

दर पंधरा दिवसांनी वत्सलाबाईंच्या पोटातलं पाणी काढावं लागे. सुई टाकून नळीने बाटलीत काढतात, त्याला टॅपिंग म्हणतात. काढलं की दोन-चार दिवस त्यांना हलकं वाटायचं. अशाच एका हलक्या दिवशी मी त्यांच्या घरी गेले होते. तिथून पुढे भुईगावला सभेला जायचं होतं. त्यांना कळलं. म्हणाल्या, “मना पन ने.”

“मावशी, तिथे मरणाच्या गोष्टी चालतात.”

“चालू दे. मी काय लहान हाय?”

मी त्यांना हॉस्पिटलच्या गाडीत घेतलं. का घेतलं, ते खरं सांगते. मला वाटलं, सभेत ऐकून त्या आपणच ओळखतील. मग मला सांगावं लागणार नाही.

त्या तीन सभांना आल्या. कधी बोलल्या नाहीत. मास्तरांनी तो प्रश्न विचारला ती वत्सलाबाईंची तिसरी सभा.

परतताना आम्ही दोघी गाडीत मागे होतो. निर्मळचं तळं मागे पडलं तशा त्या म्हणाल्या, “बाय, आज तू बोललीस ता खरा हाय? विचारला तर सांगायला पायजे?”

“हो, मावशी.”

“मंग मना सांग. ह्या पानी थांबनार का नाय?”

इतका सरळ प्रश्न मला कधीच कोणी विचारला नव्हता. पेशंट आडून विचारतात, हसत विचारतात, दुसऱ्याचं नाव घेऊन विचारतात. या बाईने डोळ्यांत बघून विचारलं. अर्ध्या तासापूर्वीच मी याच प्रश्नाचं उत्तर हॉलभर लोकांना दिलं होतं. आणि मी म्हणाले, “औषधं चालू आहेत ना. बघू. आधी अंगात ताकद येऊ दे.”

त्यांनी मान हलवली. मग म्हणाल्या, “ताकद आली का माज्या पोरीकडं जानार मी.”

मला मुलीबद्दल माहीत नव्हतं. केस पेपरवर एकच मूल होतं.

सुनंदा थोरली. नऊ वर्षांपूर्वी भुईगावच्या एका ख्रिस्ती मुलाशी तिने लग्न केलं. त्याची फुलांची, भाजीची वाडी. आईने दारात उभं राहून सांगितलं होतं, परत इथे पाय ठेवू नकोस. मुलीने ठेवला नाही. अर्नाळा ते भुईगाव एसटीने तासाभराचा रस्ता. नऊ वर्षांत दोघींपैकी कोणीच तो पार केला नाही.

“म्हनून तर तुज्या सभेला येते,” वत्सलाबाई म्हणाल्या. “मरनाचा ऐकायला कोन येतंय? तिचा गाव बगते. वाटलेला, दिसेल रस्त्यात.”

“मग आजच जायचं होतं, मावशी. मी आले असते बरोबर.”

“अशी? ह्या पोट घेऊन? तिला वाटेल, आई मरायला लागली म्हनून आली. नाय. मी माज्या पायानं जानार, डोक्यावर पाटी घेऊन. होळी झाली का जानार.”

होळीला दोन महिने होते. वत्सलाबाईंना तेवढे मिळतील की नाही, याची मला शंका होती. तेव्हा गाडी वळवायला सांगायला हवी होती. निदान एवढं तरी म्हणायला हवं होतं की मावशी, होळीची वाट बघू नका. त्या वाक्यात कॅन्सर हा शब्दही नाही. ते वाक्य मी नंतर अनेकांना बोलले आहे, तेव्हा बोलले नाही. समोर ड्रायव्हर आहे, नितीन घरी नाही, डॉक्टरांशी परत बोलून घेऊ, असं काहीबाही मनात आलं. अर्नाळ्याचा नाका आला. त्या उतरल्या.

पुढच्या आठवड्यात मी नितीनला गाठलं. “तुझ्या ताईला बोलावून घे.”

“आत्ता ताईला बोलावलं तर आईला लगेच कळणार, सिस्टर. ती काय वेडी आहे का?”

“आईला तिच्याकडे जायचंय. मला बोलली ती.”

त्याने बोटांवर दिवस मोजले. मग म्हणाला, “होळीला बोलावतो. सणाला आली असं वाटेल.”

मी ठीक आहे म्हणाले. आईची होळी मी चालवून घेतली होती, तशी त्याचीही चालवून घेतली. वत्सलाबाईंना विचारलं, सुनंदाला मीच जाऊन भेटू का? त्या ठाम नाही म्हणाल्या. पेशंटने नको म्हटलं तर नातेवाइकाकडे जायचं नाही, हा नियम. हा एक नियम मी नीट पाळला.

त्यानंतरच्या सभेला त्या आल्या नाहीत. चालवत नव्हतं. मी दर खेपेला घरी जाई तेव्हा ओट्यावर सुके बोंबील निवडून एका डब्यात भरलेले असत. जाडे, न तुटलेले तेवढेच. “सुनंदाला आवडतात,” म्हणायच्या. ताकद कधी येईल, ते मात्र त्यांनी पुन्हा मला विचारलं नाही. एकदा विचारून झालं होतं.

होळीला सहा दिवस असताना त्यांचं आतडं अडलं. या कॅन्सरमध्ये असं होतं. उलट्या थांबेनात म्हणून हॉस्पिटलात आणलं. दुखू नये म्हणून इंजेक्शनं चालू केली. दुपारपर्यंत ग्लानी आली. हाक मारली की डोळे उघडायचे, पण ओळख लागत नव्हती. नितीनने भुईगावच्या एका दुकानात फोन लावला. संध्याकाळच्या आत सुनंदा आली. आईचा हात धरून बसली. आई, आई, म्हणत राहिली. वत्सलाबाईंच्या ओठांची थोडी हालचाल झाली. ती तिच्यासाठी होती की कोरड पडली म्हणून, ते मला सांगता येणार नाही. सुनंदाने मला विचारलं, तेव्हाही मी असंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

कागदपत्रं होईपर्यंत सुनंदा बाहेरच्या बाकावर बसली होती. मी शेजारी जाऊन बसले.

“तुम्हाला कधीपासून माहीत होतं?” तिने विचारलं.

“पाच महिन्यांपासून.”

“आणि तिला?”

“आम्ही सांगितलं नाही.”

“तिने विचारलं नाही?”

“विचारलं. मला विचारलं.”

तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी तिला सगळं सांगितलं. गाडीतलं बोलणं, पाटी, होळी, बोंबील. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, “मी बघितलं होतं तिला. चर्चजवळ तुमच्या गाडीतून उतरताना. दोनदा. मी आमच्या वाडीच्या कुंपणाशी उभी होते. वाटलं, हाक मारावी. मग वाटलं, ती सभेला आलीय. मला भेटायचं असतं तर घरी आली असती. ती आजारी आहे हेच मला माहीत नव्हतं, सिस्टर. पोट सुटलंय असं वाटलं.”

नितीन कागद घेऊन बाहेर आला, तशी ती उठली.

नितीनने मला कधी दोष दिला नाही. उलट तेराव्याला बोलावलं, आणि तुम्ही खूप केलंत म्हणाला. त्याने दोन शब्द सुनावले असते तर मला बरं वाटलं असतं. सुनंदा हल्ली वर्षातून एक-दोनदा भावाकडे जाते, एवढं ऐकून आहे.

पुढच्या सभेला मी गावाचं, माणसाचं नाव न घेता हे सगळं सांगितलं. माझं त्या दिवशीचं उत्तर बरोबर होतं, पण मी स्वतः ते पाळलं नाही, असं म्हणाले. मास्तर म्हणाले, “मग पुढच्या वेळी सांगाल?” मी म्हटलं, “माहीत नाही. प्रयत्न करीन.” सभेत मी दिलेल्या उत्तरांपैकी हे बहुधा सगळ्यात खरं होतं.

त्यानंतर मी एक केलं. होम केअरचा पहिला फॉर्म असतो, त्यात दोन ओळी वाढवून घेतल्या. आजाराबद्दल तुम्हाला स्वतःला किती माहिती हवी? आणि, कोणाला भेटायचं राहिलंय का? दोन्ही प्रश्न पेशंटलाच विचारायचे, घरच्यांना नाही, आणि पहिल्याच भेटीत. पहिल्या प्रश्नावर पुष्कळ जण ‘नको’ म्हणतात. तो त्यांचा निर्णय. दुसऱ्यावर बहुतेकांकडे एखादं नाव असतं. पेशंट ‘बरा झाल्यावर भेटीन’ म्हणाला, तर तारीख होळी-दिवाळीची धरायची नाही. या आठवड्यातली विचारायची.